जुन्या मारुती ८००चं वायरिंग: व्होल्ट नेमके कुठे गळतात

गाडी कार्बोरेटरवाली मारुती ८००, १९९७चं मॉडेल. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं होतं आणि त्यासाठी गाडी आरटीओत तपासणीला उभी करावी लागते. तिथे दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर सगळं बघतात. या गाडीत म्हटलं तर सगळं चालत होतं, पण धड काहीच नव्हतं. दोन दिवस उभी राहिली की सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) नुसता टकटक करायचा. हेडलाइटचा उजेड पिवळा, काजळी धरलेल्या कंदिलासारखा. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद पेटायचा. आणि मागच्या दिव्यांचा फ्यूज अधूनमधून उडायचा. नवी बॅटरी टाकून झाली होती, सेल्फचं काम करून झालं होतं, फरक शून्य.

अशा गाडीकडे बघताना मी एक गोष्ट धरून चालतो: पार्ट मरत नाहीत, जोड मरतात. पंचवीस पावसाळे खाल्लेल्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये), गंजलेल्या अर्थिंगच्या (बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परतणाऱ्या वाटेच्या) बोल्टखाली, घासलेल्या स्विचच्या आत रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढत जातो. घरच्या २३० व्होल्टच्या लाइनीत एक व्होल्ट गळाला तर कुणाला कळत नाही. बारा व्होल्टच्या गाडीत तोच एक व्होल्ट म्हणजे आठ टक्के. म्हणून पार्ट बदलण्याआधी करंट वाहत असताना व्होल्ट कुठे गळतात ते मोजायचं. इंग्रजीत त्याला व्होल्टेज ड्रॉप टेस्ट म्हणतात. बहुतेक ठिकाणी हीच चाचणी वगळून थेट नवा पार्ट गळ्यात मारला जातो.

सामान फार लागत नाही. १० अँपिअरची रेंज असलेला साधा डिजिटल मल्टिमीटर, छोट्या बल्बचा टेस्ट लॅम्प, दोन वायरी जोडलेला २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब, दोन्ही टोकांना चिमटे असलेली तीन-चार मीटर वायर, दहा नंबरचा पाना, वायर ब्रश आणि पॉलिश पेपर. हातातलं धातूचं घड्याळ आणि अंगठी आधी काढून ठेवायची. बॅटरी सोडवताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. कारण प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि मायनस जोडलेलाच असला, तर पाना जागीच वेल्डिंग होतो. (फार जुन्या ब्रिटिश गाड्यांत प्लस बॉडीला असतो, तिथे हे सगळं उलट. ८००मध्ये ती भानगड नाही.)

सुरुवात बॅटरीपासून, कारण ती अर्धमेली असेल तर पुढचं एकही रीडिंग विश्वासाचं नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.१ व्होल्ट मिळाले. पूर्ण चार्ज बॅटरी विश्रांतीत १२.६च्या आसपास दाखवते, १२.४ला साधारण पाऊण, १२.२ला निम्मी. या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. ती ३.५ अँपिअरवर रात्रभर चार्ज केली, मग हेडलाइट दोन मिनिटं लावून वरवरचा चार्ज उतरवला आणि थोड्या वेळाने परत मोजलं: १२.६५. हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजून) सहाही सेल जवळपास सारखे निघाले. एखादा सेल इतरांपेक्षा ०.०५० ने खाली असता तर बॅटरीच गेली म्हणायची. म्हणजे नवी बॅटरी निर्दोष होती, तिला कुणीतरी पीत होतं किंवा ती भरत नव्हती. इथे दोन्ही निघालं.

आता सेल्फ. कॉइलकडून येणारी जाड एचटी (स्पार्कच्या हाय व्होल्टेजची) वायर डिस्ट्रिब्युटरच्या मधून काढून तिचं ते टोक इंजिनला अर्थ केलं, म्हणजे सेल्फ मारला तरी इंजिन सुरू होणार नाही. नुसती लोंबती सोडायची नाही, कॉइलचं नुकसान होतं. मदतनीस सेल्फ मारत असताना मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून मोजत गेलो. बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर १०.४ व्होल्ट, ठीक आहे. साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरीवर संशय घ्यायचा. मग प्लसच्या खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत ०.३ व्होल्ट, तेही चालण्यासारखं. मग मायनसच्या खुंटीपासून इंजिन ब्लॉकपर्यंत: ०.९ व्होल्ट. इथे ०.२च्या वर जायला नको.

मीटरची टोकं खुंटीवरच टेकवायची, क्लॅम्पवर नाही. क्लॅम्पवर टेकवलं तर खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामधला गंज मोजणीतून सुटतो आणि बरेचदा रोग तिथेच असतो.

मीटर ओहमवर (रोध मोजण्याच्या रेंजवर) ठेवून तीच वायर तपासली तर 'शून्य' दाखवते आणि माणूस फसतो. सेल्फ शंभर अँपिअर ओढत असेल तर ०.९ व्होल्ट गळायला फक्त ०.००९ ओहम पुरतात. एवढं साध्या मीटरला दिसतच नाही, त्याच्या स्वतःच्या टोकांचा रोध त्याहून जास्त असतो. म्हणून जाड वायरी ओहमवर तपासण्यात अर्थ नाही.

दोषी निघाली ती इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी. वरून दिसायला शाबूत, पण लगच्या (बोल्टखाली अडकवायच्या धातूच्या टोकाच्या) तोंडाशी वाकवून पाहिली तर निम्म्याहून जास्त तारा तुटलेल्या, उरलेल्या हिरव्या पडलेल्या, आणि बोल्टखाली रंग आणि ऑइलचा थर. या दोषाची एक खूण हाताला कळते: दोन-चारदा सेल्फ मारून चोकची केबल चाचपायची. ती कोमट लागली तर सेल्फचा परतीचा करंट चोकच्या आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून रस्ता काढतोय. त्या केबली मग आतून जळून अडकायला लागतात, आणि लोक कार्बोरेटर उघडून बसतात.

पट्टीच्या जागी १६ स्क्वेअर एमएमची वायर, दोन्ही टोकांना कल्हईचे तांब्याचे लग, हायड्रॉलिक क्रिंपने दाबलेले. हातोडीने चेपलेला लग दिसायला घट्ट असतो, पण आत पोकळ राहतो. दोन्ही बोल्टांखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी लावून मग घट्ट करणारे आहेत. चालतं, पण पत्रा घासल्याशिवाय नुसती जेली म्हणजे गंजावर मलम. दुसरी अशीच वायर बॅटरीच्या मायनसवरून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टला नेली. आता तेच रीडिंग ०.०८.

सेल्फच्या आवाजावरून काय ओळखायचं तेही इथेच सांगतो. भराभर टकटकटक आवाज म्हणजे सोलेनॉइड (सेल्फचा करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढतोय पण लोड आला की व्होल्ट कोसळतात: बॅटरी उतरलेली किंवा जाड जोड खराब. एकच दणकट 'टक' आणि पुढे शांतता म्हणजे सोलेनॉइडच्या आतले कॉन्टॅक्ट किंवा मोटरचे कार्बन ब्रश. आणि काहीच आवाज नाही, पण दिवे टळटळीत आहेत, तर सोलेनॉइडच्या बारीक वायरवर सेल्फ मारताना किती व्होल्ट येतात ते बघायचं. जुन्या इग्निशन स्विचमधून येता येता तिथे आठ-नऊच उरतात. उपाय एक रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच): स्विचने रिले ओढायचा, रिलेने सोलेनॉइड.

चार्जिंग बघताना इंजिन साधारण २००० आरपीएमवर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. अल्टरनेटरच्या (बॅटरी भरणाऱ्या जनरेटरच्या) बी प्लस, म्हणजे बॅटरीकडे जाणाऱ्या, बोल्टवर १४.१ व्होल्ट आणि बॅटरीच्या खुंट्यांवर १३.५. सहा दशांश व्होल्ट वाटेतच. टप्प्याटप्प्याने मोजत आल्यावर बॅटरीजवळच्या मुख्य फ्यूजचा कपलर सापडला. पांढरं प्लॅस्टिक एका कोपऱ्यात चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं आणि आतली पितळी पिन सैल. सैल पिन तापते, तापल्याने तिचा ताण जातो, ताण गेला की आणखी सैल होते. असा कपलर घासून उपयोग नसतो, दोन्ही बाजूंच्या पिना नव्या लावाव्या लागतात. पिना बदलल्यावर बॅटरीवर १३.९ आले. १३.८ ते १४.५ हा पट्टा चांगला. १४.८च्या वर गेलं तर रेग्युलेटर (व्होल्ट आटोक्यात ठेवणारा भाग) गेला, बॅटरीचं पाणी उकळून उडतं आणि बल्ब पटापट जातात.

त्याच वेळी मीटर एसी व्होल्टवर फिरवून बॅटरीवर लावला तर ०.९ दाखवले. चांगल्या अल्टरनेटरचा हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत, बहुतेकदा बराच खाली असतो. जास्त एसी म्हणजे डायोड प्लेटमधला (अल्टरनेटरच्या एसीचा डीसी करणाऱ्या भागातला) एखादा डायोड गेलाय. त्याची दुसरी ओळख रेडिओत: इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी. आणि तिसरी ओळख, जी पुढे कामाला आली, ती म्हणजे चावी बंद असतानाही करंट गळणं.

जाता जाता: डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा चावी फिरवल्यावर पेटत नसेल तर आनंद मानू नये. अल्टरनेटरला सुरुवातीचं चुंबकत्व देणारा करंट त्याच बल्बमधून जातो. बल्ब गेला तर रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही, काही वेळा मुळीच होत नाही. दहा-वीस रुपयांच्या बल्बपायी अल्टरनेटर बदललेल्या गाड्या आहेत.

दोन दिवसांत बॅटरी उतरण्याचं गणित असं केलं. बॅटरीची मायनस वायर सोडवून खुंटी आणि वायर यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावला. चावी बंद, दारं बंद, बॉनेटखाली काही दिवा असेल तर तो काढलेला. मीटर लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जातो. आकडा आला ०.३४ अँपिअर. कॉम्प्युटर नसलेल्या अशा गाडीत रेडिओची मेमरी धरून ०.०५ पुष्कळ झाले. ०.३४ म्हणजे पन्नासेक तासांत साडेसतरा अँपिअर-तास, अर्धी बॅटरी संपली.

एकेक फ्यूज काढत आकडा बघायचा. रेडिओ आणि आतल्या दिव्याचा फ्यूज काढल्यावर ०.३०, म्हणजे चार शतांश तिथे. बाकीच्या कुठल्याच फ्यूजने फरक पडेना. सगळे फ्यूज बाहेर आणि तरी करंट वाहतोय, तर तो फ्यूजबॉक्सच्या आधीच फुटणाऱ्या वाटेने जातोय. अशा वाटा मोजक्या: अल्टरनेटरचा बी प्लस, इग्निशन स्विचची थेट वायर, आणि नंतर कुणीतरी बॅटरीवरून ओढलेल्या वायरी. बॅटरी सोडून बी प्लस काढला, त्याच्या लगला टेप गुंडाळली, मीटर परत लावला: ०.०२. उरलेले हे दोन शतांश बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकचे. ०.२८ डायोड पीत होता. डायोड प्लेट बदलल्यावर एसीही ०.०५ व्होल्टवर आला. अल्टरनेटर अख्खा नवा घेण्याची गरज नव्हती. उघडलाच होता तर कार्बन ब्रश आणि बेअरिंगही पाहून घेतले.

हेडलाइटचं काम यात सगळ्यात समाधानाचं, कारण फरक डोळ्यांना दिसतो. इंजिन चालू, बॅटरीवर १३.६ व्होल्ट, आणि एच-४ बल्बच्या पिनांवर, होल्डर जोडलेला असताना, १०.९. प्लसच्या बाजूला १.९ गळाले, अर्थच्या बाजूला ०.८. बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात नाही, त्याहून खूप वेगाने घटतो, साधारण ३.४ व्या घाताने. व्होल्ट ऐंशी टक्के राहिले तर उजेड निम्म्याहूनही कमी उरतो. यावर बाजारात मिळणारा उपाय म्हणजे १०० वॅटचे बल्ब. तो उलटा पडतो: ६०/५५ वॅटचे दोन बल्ब नऊ-दहा अँपिअर ओढतात, १००/९०चे पंधरा-सोळा. त्याच थकलेल्या वायरीत आणखी व्होल्ट गळतात, होल्डर वितळतो, आणि डिपरचा स्विच हातात येतो.

त्याऐवजी ६०/५५चेच चांगले बल्ब ठेवून दोन रिले लावले, अप्परला एक, डिपरला एक, चार पिनांचे, ३० अँपिअरचे. बॅटरीच्या प्लसवरून फ्यूजमधून जाड वायर रिलेच्या ३० नंबर पिनेला, ८७वरून २.५ स्क्वेअर एमएमची वायर बल्बला. डाव्या-उजव्या दिव्याला वेगवेगळा १० अँपिअरचा फ्यूज, कारण घाटात रात्री एक फ्यूज उडाला तरी दुसरा दिवा शाबूत हवा. बल्बच्या अर्थसाठीही स्वतंत्र २.५ची वायर. होल्डर सिरॅमिकचे. रिले चाकाच्या चिखलाच्या वर, पिना खाली तोंड करून, म्हणजे पाणी आत साचत नाही.

रिलेची कॉइल जोडताना एक अडचण येते. काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच प्लसच्या बाजूला असतो, तर जपानी वंशाच्या अनेक गाड्यांत बल्बच्या सामायिक पिनेवर प्लस येतो आणि स्विच अर्थ देतो. कोणती पद्धत आहे हे शोधत बसायचं नसेल तर सोपी युक्ती आहे: मूळ होल्डरच्या सामायिक वायरला रिलेच्या कॉइलची ८६ नंबर पिन आणि मूळ अप्परच्या (दुसऱ्या रिलेत डिपरच्या) वायरला ८५ जोडायची. साध्या रिलेच्या कॉइलला प्लस-मायनस कळत नाही, दोन्ही पद्धतींत ती ओढते. फक्त आत डायोड असलेला रिले असेल तर दिशा सांभाळावी लागते. आता जुन्या स्विचमधून दहा अँपिअरऐवजी ०.१५च्या आसपास जातो आणि बल्बवर १३.२ व्होल्ट पोचतात. हेडलाइटचं ॲडजस्टमेंट मात्र परत करून घ्यायला हवं. मंद दिव्यात वर तोंड केलेला झोत कुणाला खटकत नव्हता, आता समोरचा शिव्या घालेल.

ब्रेकबरोबर इंडिकेटर पेटणं हे दिसायला भुताटकी, पण कारण ठरलेलं. मागच्या दिव्याच्या सगळ्या बल्बांचा अर्थ एकाच वायरने बॉडीला जातो. ती वायर गंजली की ब्रेकच्या २१ वॅटच्या फिलामेंटमधून आलेला करंट परतीची दुसरी वाट शोधतो: इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा, पुढच्या इंडिकेटरच्या अर्थमधून बाहेर. दोन्ही मंद पेटतात. मीटरचं काळं टोक लांब वायरने बॅटरीच्या मायनस खुंटीला, लाल टोक मागच्या होल्डरच्या अर्थला, ब्रेक दाबलेला: ३.८ व्होल्ट. शून्याजवळ हवे होते. पत्र्याच्या स्क्रूखालचा लग काढला तर खाली तांबूस भुकटी. कोकणातल्या किंवा खाडीकाठच्या गाड्यांत हे हमखास. जुना स्क्रू परत त्याच भोकात न पिळता शेजारी नवं भोक पाडून नट-बोल्ट लावला, दोन्ही बाजूंच्या दिव्यांचे अर्थ एका वायरने एकमेकांनाही जोडले. इंडिकेटर नेहमीपेक्षा भराभर मारत असेल तर मात्र आधी बल्ब मोजायचे. फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) २१-२१ वॅटच्या लोडवर बांधलेला असतो, एक बल्ब गेला किंवा एलईडी लावला की चाल बदलते.

राहिला अधूनमधून उडणारा फ्यूज. दर वेळी नवा फ्यूज घालून बघणं म्हणजे फ्यूजच्या दुकानाचं भलं, आणि मोठ्या अँपिअरचा किंवा तारेचा फ्यूज म्हणजे लूमला (वायरींच्या जुडग्याला) काडी लावणं. तिथे २१ वॅटचा बल्ब कामाला येतो. मागच्या आणि पार्किंगच्या दिव्यांचे सगळे बल्ब काढले, डॅशबोर्डच्या दिव्यांचा कपलरही सुटा केला, कारण तो लोड शिल्लक राहिला तर बल्ब अर्धवट पेटून गोंधळ उडतो. फ्यूजच्या जागी हा बल्ब जोडून पार्किंगचा स्विच लावला. शॉर्ट असेपर्यंत बल्ब झगझगीत पेटतो, पण पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त जाऊ देत नाही, त्यामुळे काही जळत नाही. मग लूम हाताने हलवत मागे जायचं. उजव्या मागच्या दिव्याच्या वायरी जिथून पत्र्यातून बाहेर येतात तिथे हलवलं की बल्ब पेटायचा, सोडलं की विझायचा. ग्रोमेट (पत्र्याच्या भोकातलं रबरी कडं) कडक होऊन निम्मं गळून गेलं होतं आणि पत्र्याच्या धारेवर एका वायरचं प्लॅस्टिक सोललेलं. नवं ग्रोमेट, वायरीचा तेवढा तुकडा बदलला, क्रिंपच्या जोडावर आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. काळ्या टेपने गुंडाळलेला पिळाचा जोड पहिल्या उन्हाळ्यात चिकट होतो आणि पहिल्या पावसात पाणी धरतो. थरथरणाऱ्या जागी नुसत्या सोल्डरवरही भरवसा नको, सोल्डर जिथे संपतं तिथेच तार तुटते.

हॉर्न घोगरा होता, पण त्याला चार्जिंग आणि अर्थिंग सुधारल्यावर आपोआपच बराच आवाज आला. मागचा ॲडजस्टमेंटचा स्क्रू पाव आटा फिरवून पुरला. वायपर अजून संथ आहे, मात्र त्याच्या मोटरच्या कपलरवर पूर्ण व्होल्ट येतात. तिथे दोष विजेचा नाही, लिंकेजमध्ये ग्रीस वाळलंय.